गारपिटीनंतर २९ तास लाइट नव्हती आणि आत्याचं ऑक्सिजन मशीन बंद. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तुम्ही काय तयारी ठेवता?

तुळस_थाटीपूर

नमस्कार मंडळी. हे लिहायला आठ दिवस लागले, आधी धावपळ होती आणि मग नुसतं बसून राहावंसं वाटत होतं. पण इथे बऱ्याच जणांच्या घरी एकटी राहणारी वयस्कर माणसं आहेत म्हणून सगळं सांगते, मोठं होईल, वाचा.

आम्ही ग्वाल्हेरचे. माझी आत्या ८१ वर्षांची, इथल्या लष्कर भागात छत्री बाजाराच्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर एकटी राहते. मुलगा बंगलोरला. फुफ्फुसांचा जुना आजार आहे, सीओपीडी, दोन वर्षं झाली ऑक्सिजनचं मशीन लागतं, दोन लिटरवर, जवळजवळ दिवसभर. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात दुपारी चारला असं काही अंधारून आलं, आधी पाऊस, मग बोराएवढ्या गारा, मग वारा. पावणेपाचला लाइट गेली. थाटीपूरला आमच्याकडे तासाभरात आली म्हणून मला वाटलं तिकडेही आली असेल. सहाला फोन केला तर म्हणाली, अगं बरी आहे मी, कंदील लावलाय, इन्व्हर्टर आहे, तू येऊ नकोस पावसात. बोलताना दोन-दोन शब्दांवर थांबत होती. ते मी ऐकलं, माझ्या कानांनी ऐकलं, आणि तरी फोन ठेवून पोळ्या करायला गेले. हे मला अजून टोचतंय.

नऊला फोन लावला तर स्विच ऑफ. मग आम्ही दोघं निघालो. पडावचा पूल उतरलो तर फूलबागेपर्यंत सगळा अंधार, रस्त्यावर कडुलिंबाच्या फांद्या, एका ठिकाणी तार लोंबत होती म्हणून गाडी मागे घेऊन दुसऱ्या गल्लीने गेलो. पोचायला पाऊण तास लागला.

वर गेलो तर आत्या पलंगावर भिंतीला टेकून बसलेली, रजई गुडघ्यापर्यंत, आणि ऑक्सिजनची नळी नाकात तशीच. मशीन बंद. म्हणजे साडेपाचच्या सुमाराला इन्व्हर्टर संपला, मशीनने पीं पीं केलं, ते तिने बटण दाबून बंद केलं कारण खालच्यांचं बाळ झोपलं असेल, आणि नळी सवयीने नाकातच राहिली. चार-साडेचार तास. हात बर्फासारखे. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर नुसत्या रेघा, आकडाच येईना, मी घाबरले, मग ह्यांनी तिचा हात आपल्या काखेत धरला पाचेक मिनिटं, तेव्हा आकडा आला. ८३.

सिलेंडर आहे तिच्याकडे, छोटा, २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत धडपडून मिळवलेला. पलंगाखालून काढला. भरलेला होता. पण उघडायची चावी कुठेय? देवघराच्या फडताळात, स्वयंपाकघरात, मोबाइलच्या उजेडात सगळे डबे उपसले. शेवटी समोरच्या गल्लीतल्या एका वेल्डिंगवाल्याला त्यांच्या घरी जाऊन उठवलं, ते बिचारे पाना घेऊन पायजम्यावर धावत आले आणि उघडून दिला. तेव्हा सव्वादहा झाले होते.

रात्रभर सिलेंडरवर काढली. सकाळी कळलं की समोरच्या ओळीतल्या घरांत लाइट आहे, आमच्या ओळीचा फेज वेगळा. तिथल्या काकू म्हणाल्या इकडे आणा. पण आत्या हलेना. देव पारोसे राहतील म्हणाली. मग मी तिथेच मोबाइलच्या उजेडात पूजा केली, बाळकृष्णाला गरम पाण्याने स्नान घातलं, तिने बघितलं, आणि तो शालीत गुंडाळून मांडीवर घेतला तेव्हा तयार झाली. चार जणांनी खुर्चीसकट उतरवली तिला. दगडी जिना, अरुंद, वळणावर खुर्ची आडवी करावी लागते. एका हाताने ती खुर्चीचा दांडा धरत होती, दुसरा हात बाळकृष्णावर.

आता बरी आहे. मला विचारायचंय हे की तुम्ही काय तयारी ठेवता? इन्व्हर्टरवाल्याने चार तास चालेल सांगितलं होतं, चाळीस मिनिटं चालला. कुठे चुकलं?

निवृत्त_तारवाला

ताई, आधी आत्यांना नमस्कार सांगा. मी ३४ वर्षं लाइनीवर आणि सब-स्टेशनवर काढली आहेत म्हणून इन्व्हर्टरचं सांगतो.

चार तास हे नव्या बॅटरीचं गणित. १२ व्होल्ट आणि १५० एएच (अँपिअर-तास) म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यातले इन्व्हर्टर खातो काही, पूर्ण खाली करायची नसते, हातात येतात बाराशे-तेराशे. पाच लिटरवालं ऑक्सिजन मशीन साधारण ३०० ते ३५० वॉट घेतं, म्हणजे साडेतीन तास, तेही दुसरं काही चालू नसेल तर. आता बॅटरी किती वर्षांची? पाणी कधी टाकलं होतं? चार वर्षं झालेली, प्लेटा उघड्या पडलेली बॅटरी पंखा आणि ट्यूबलाइट निवांत चालवते, त्यामुळे घरच्यांना वाटतं ठीक आहे, पण ३५० वॉट ओढले की बसते. शिवाय थंडीत लेड-ॲसिड बॅटरीची ताकद आणखी कमी होते. आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, म्हणजे घरच्या लाइटसारखाच गुळगुळीत करंट देणारा, स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर मशीनचा कॉम्प्रेसर गरम होतो, घुर्र करतो.

म्हणून एकच सांगतो, दुकानदाराचं ऐकू नका. एखाद्या रविवारी सकाळी घरात दोन माणसं असताना मेन बंद करा, मशीन इन्व्हर्टरवर लावा आणि घड्याळ बघा. सिलेंडर हाताशी ठेवून. जो आकडा येईल तो भिंतीवर लिहा. दर सहा महिन्यांनी परत.

दुसरं, वादळानंतर लाइट आली की लगेच मशीन लावू नका. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटली असेल तर २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज घरात येऊ शकतं, आणि मशीन, फ्रिज, टीव्ही सगळं एका क्षणात जातं. आधी एक बल्ब लावून बघायचा. भगभगीत जळतोय किंवा कमीजास्त होतोय तर मेन खाली, आणि १९१२ ला फोन. तक्रारीत सरळ सांगायचं की घरात ऑक्सिजनचा पेशंट आहे, आणि तक्रार नंबर लिहून घ्यायचा. मी ड्यूटीवर असताना असा फोन आला की आम्ही त्या भागाची लाइन (फीडर) आधी बघायचो, सगळीकडे बघतात असं नाही सांगत, पण सांगितलंच नाही तर कोणाला कसं कळणार.

लोंबणारी तार पाहून गाडी मागे घेतलीत ते फार बरं केलंत.

खासगीबाजार_७२

वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे वाड्यात लाइट गेली की आई खोलीत सिगडी ठेवते, दगडी पटियांचं छत, जानेवारीत खोली नुसती फ्रिज होते. लहानपणापासून बघतोय, काही झालं नाही कधी. म्हाताऱ्या माणसाला ऊब तर हवीच ना, लाइट नाही तर ब्लोअर नाही, मग दुसरं काय करणार?

मुरारचा_दवाखाना

दादा, रागावू नका पण हे थांबवा. मी छातीविकारांचा डॉक्टर आहे, आणि दर हिवाळ्यात आपल्या ह्या पट्ट्यात सिगडी खोलीत ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर नसलेला लाल निखारा सुरक्षित वाटतो, पण गॅस तोच सोडतो. पूर्वी काही झालं नाही कारण तुमच्या वाड्यात जाळ्या होत्या, दाराला फटी होत्या, वरती झरोका होता. आता ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या असतील, फटींत कापड कोंबलं असेल. खोली तीच राहिलेली नाही.

आणि लक्षात ठेवा, ऑक्सिमीटर ह्यात फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चढलेल्या रक्तालाही तो ऑक्सिजनचंच रक्त समजतो आणि ९८ दाखवतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय आणि खोलीत सिगडी आहे, तर आकडा बघत बसायचं नाही, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत न्यायचं आणि १०८ ला फोन करायचा.

तुळसताई, तुमच्या लिहिण्यात कंदील आहे. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत कंदील, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काही नको. कपड्यांत, रजईत ऑक्सिजन मुरतो आणि ठिणगी पडली तर भडका होतो. रात्री सिलेंडर चालू करताना कंदील विझवला होतात का?

दुसरं, सीओपीडीच्या पेशंटचा आकडा बहुतेकांचा ८८ ते ९२ मध्ये ठेवायचा असतो. ८३ बघून घाबरून लोक दोनाचे पाच लिटर करतात, त्याने काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. डॉक्टरने लिहून दिलेल्या लिटरवरच सुरू करायचं आणि फोनवर विचारायचं.

आणि थंडी. वय झालेलं शरीर थंडीची तक्रार करत नाही, कुडकुडणंसुद्धा कमी होतं. शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं की माणूस गोंधळतो, जीभ जड होते, पेंगतो, आणि घरच्यांना वाटतं वय झालंय, झोप आली असेल. पोटावर हात ठेवून बघा. हातपाय सगळ्यांचेच गार असतात, पण पोट गार लागलं तर वेळ घालवू नका. अंगावरचे ओलसर कपडे काढा, डोकं झाका, रजईत दुसऱ्या माणसाने शेजारी झोपलं तरी चालतं. शुद्धीत असेल तर गरम गोड दूध. हातपाय चोळू नका. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळूनच, मधुमेह असेल तर पायाला लावूच नका, त्यांना चटका कळत नाही, मग महिनोन् महिने जखम चिघळते.

तुळस_थाटीपूर

डॉक्टरसाहेब, कंदील विझवला नव्हता. ते तुमचं वाचल्यावर मी उठून पाणी प्यायले. पलंगापासून दोन हातांवर स्टुलावर होता रात्रभर. आता तिच्याकडे दोन चार्जिंगचे दिवे नेऊन ठेवलेत आणि कंदील मी घरी घेऊन आले. देवासमोरचं निरांजन नळी काढून, दुसऱ्या खोलीत, मीच लावते किंवा खालच्या वहिनी लावतात, हे आत्याने मान्य केलंय, तिला जड गेलं.

तारवाले काका, बॅटरी पाच वर्षांची निघाली. पाणी कोणी टाकलं होतं ते कोणालाच आठवत नाही.

पलासिया_ते_राजवाडा

आमचं इंदूरचं. थंडी तुमच्याएवढी नाही, पण मावठा झाला की लाइट जातेच. सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आहे, ती पंपावर चालते. लाइट गेली की गादी हळूहळू बसते आणि माणूस थेट पलंगाच्या फळीवर येतो, हे पहिल्यांदा झालं तेव्हा आमच्या सकाळी लक्षात आलं, बाबा काही बोललेच नाहीत. तेव्हापासून लाइट गेली की मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावतो आणि कूस बदलतो. गादीच्या नळीला बंद करायची टोपी येते, ती लावली तर हवा बराच वेळ टिकते. टोपी पंपालाच चिकटपट्टीने लावून ठेवलीय. आणि त्या गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट घालायचं नाही, रबर जळतं.

इन्सुलिनसाठी फ्रिजची काळजी करू नका, हिवाळ्यात एकदोन दिवस खोलीत छान राहतं. फक्त बर्फात ठेवू नका, गोठलं की वाया.

नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं मशीन) बंद पडला तर तोंडात मारायचा इनहेलर आणि त्याला लावायची नळी, स्पेसर, हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या. अंधारात शिकता येत नाही.

डॅलस_मूळ_जनकगंज

मी जनकगंजची, आता टेक्सासमध्ये. फेब्रुवारी २०२१ चं बर्फाचं वादळ आठवलं. १५ तारखेला मध्यरात्रीनंतर लाइट गेली, सासूबाई ७६ वर्षांच्या, नुकत्याच महू सोडून आमच्याकडे आल्या होत्या. डॅलसला उणे १९ झालं होतं. राज्यात ४५ लाखांच्या वर घरं अंधारात होती आणि सरकारी आकडा २४६ मृत्यूंचा आहे, बरेचसे गारठून. काही लोकांनी गाडी गॅरेजमध्ये चालू ठेवून त्यात ऊब घेतली, काहींनी कोळशाची ग्रिल घरात आणली, तिथेही हाच गॅस. त्यामुळे खासगीबाजारदादा, हे फक्त आपल्याकडचं नाही.

आम्ही काय केलं सांगते. सगळं घर सोडून दिलं आणि एकच छोटी खोली धरली, बाहेरची भिंत नसलेली. दाराच्या फटीला टॉवेल. पलंगावर चादरींचा तंबू केला, आत सासूबाई आणि दोन्ही मुलं, तीन माणसांच्या अंगाच्या उबेने आत खरंच फरक पडतो. कानटोपी आणि मोजे झोपतानाही. पाणी गेलं तेव्हा पंचाईत झाली कारण सासूबाई सतत बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी पिणं बंद करून बसल्या. कोणाला त्रास नको म्हणून. दुसऱ्या दिवशी चक्कर आली तेव्हा कबूल केलं. तुळसताई, तुमची आत्या आणि माझ्या सासूबाई एकाच मातीच्या आहेत, त्यांना "बरी आहेस का" विचारायचंच नाही, "आत्ता बोटावर आकडा किती", "पाणी किती प्यायलात", "मशीनचा दिवा हिरवा आहे का" असं विचारायचं.

खासगीबाजार_७२

सिगडी काल अंगणात काढली. आई नाराज आहे. तिला सांगितलं की संध्याकाळी अंगणात शेकायचं आणि आत येताना कोळसे बाहेर. डॉक्टरसाहेब, खिडकी चार बोटं उघडी ठेवली तर?

मुरारचा_दवाखाना

नाही दादा. आई झोपली की थंडी वाजते म्हणून कोणीतरी खिडकी लावतंच. सिगडी बाहेर, विषय संपला. जनरेटर असेल तर तोही बाहेर, जिन्याखाली किंवा पोर्चमध्येही नको.

नईसडक_मेडिकल

सिलेंडरबद्दल. बी टाइपचा छोटा सिलेंडर भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर असतात, दोन लिटरने बारा तास. म्हणजे तुमच्या २९ तासांना दोन सिलेंडरही पुरले नसते, समोरच्या ओळीत लाइट होती म्हणून निभावलं. काटा महिन्यातून एकदा बघा, झडप ढिली असली तर नुसता पडून पडून रिकामा होतो. ऑक्सिजन ओलसर करणारी बाटली असते तिच्यात पाणी उकळून गार केलेलं. झडपेला तेल, व्हॅसलीन, क्रीम काही लावायचं नाही, अडकली तरी. आणि सिलेंडर उभा, भिंतीला साखळीने. आडवा पलंगाखाली नको, ताई.

ह्या वादळानंतर जी गार हवा सुटते ना, माणसं तिथे फसतात. पाऊस थांबला, ऊन पडलं, वाटतं संपलं. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारं हे पावसाळी वातावरण, पुढे सरकला की आभाळ मोकळं होतं आणि उत्तरेकडचा वारा सुरू होतो, खरी थंडी त्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. लाइट आली नसेल तर पहिल्या रात्री निभावलं म्हणून ढिले पडू नका.

निवृत्त_तारवाला

अगदी बरोबर. आणि फोनचं राहिलं. पूर्वी लँडलाइनला एक्स्चेंजमधून करंट यायचा, घरात लाइट नसली तरी डायल टोन असायचा. आता फायबरच्या डब्याला घरची लाइट लागते, आणि मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांनी बसतात. म्हणून फोनवर विसंबू नका, शेजारचं एक माणूस ठरवून ठेवा जे लाइट गेल्यावर अर्ध्या तासात जिना चढून वर जाईल. समक्ष. फोन लागला तरी.

तुळस_थाटीपूर

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. काय केलं ते सांगते.

नवी बॅटरी घेतली, साइन वेव्ह इन्व्हर्टर. रविवारी सकाळी काकांनी सांगितलं तसं मेन बंद करून बसलो, आत्या, मी, हे, खालच्या वहिनी. तीन तास दहा मिनिटं चालला. तो आकडा कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर लिहून मशीनच्या वर चिकटवलाय. दुसरा सिलेंडर भाड्याने आणला. दोन्ही सिलेंडरच्या मानेला चावी सुतळीने बांधलीय, सुतळीला सोडायची गाठच नाही, कापल्याशिवाय निघणार नाही. चावी कुठल्या बाजूला फिरवायची तो बाण लाल नेलपॉलिशने काढला. आत्याला तीन वेळा स्वतः उघडायला लावलं. पहिल्यांदा तिच्याने फिरेना, बोटं वाकडी झालीत संधिवाताने, मग ह्यांनी चावीच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली, तेव्हा फिरली.

खालच्या वहिनींचं ठरलंय, अर्ध्या तासात वर जायचं. त्यांनी एक गोष्ट सांगितली, त्यांचं बाळ त्या संध्याकाळी घरात नव्हतंच, सगळे माहेरी गेले होते. आत्या ज्यांच्यासाठी पीं पीं बंद करून अंधारात बसली ते घर रिकामं होतं. हे मी आत्याला सांगितलं नाही अजून, सांगायचं की नाही कळत नाही.

परवा रात्री साडेनऊला परत लाइट गेली, साधीच, ट्रान्सफॉर्मरचं काहीतरी. मी फोन उचलायच्या आत तिचा आला. म्हणाली, गेलीय. मशीन इन्व्हर्टरवर आहे, दिवा हिरवा. आकडा ९०. वहिनी आल्यायत, चहा करतायत. आणि मग, पाणी एक भांडं प्यायले. डॅलसच्या ताई, ते तुमचं.

आत्याच्या गल्लीत अशी अजून चार घरं आहेत जिथे एकटं कोणीतरी वर राहतं. एका आजोबांकडे मशीन आहे, सिलेंडर नाही. तारवाले काका, तुम्ही येत्या रविवारी अकराला छत्री बाजारात येऊ शकाल का, बॅटऱ्या बघायला? नाश्ता आमच्याकडे.

निवृत्त_तारवाला

येतो. हायड्रोमीटर (बॅटरीतलं ॲसिड तपासायची नळी) आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर घेऊन येतो. आजोबांच्या मशीनच्या मागे वॉट लिहिलेले असतील, त्याचा फोटो आधी पाठवून ठेवा.